सहा आकडे

मंगळवारी दहा ते बारा,
लायब्ररीच्या तळघरात, बॉयलरच्या खोलीला लागून,
मी लोकांना त्यांचे पासवर्ड शोधून देतो.
म्हणजे, शोधत कुणीच नाही.
दोघं मिळून ‘विसरलात का?’ वर बोट ठेवतो
आणि वाट बघत बसतो.

ड्युलुथमध्ये एप्रिल उजाडला तरी बर्फ जागचा हलत नाही.
लोक बूट आपटत जिना उतरतात, काखेत वही.
वहीत बँक, वीज, दवाखाना, नातवाच्या शाळेचे फोटो,
आणि फणीतल्या गुंतवळासारखी खोडाखोड.
वेंडेल मात्र टोपीच्या आतल्या पट्टीवर लिहितो.
म्हणतो, टोपीत अजून कुणी घुसलेलं नाही.

तोच सांगत होता,
परवा बायकोशी गुडघ्याबद्दल बोललो,
तोंडानं, स्वयंपाकघरात, सूप ढवळताना;
संध्याकाळी फोनवर गुडघ्याचे पट्टे, तीन रंगांत.
पूर्वी भिंतींना कान असायचे.
आता कानांनी दुकान थाटलंय.
तरी फोन उशाशी घेऊन झोपतोस ना, मी विचारलं.
गजर त्यातच लागतो, म्हणाला,
आणि टोपी नीट केली.

लेम्पी हापाला त्या दिवशी शेवटी आली.
वय ब्याऐंशी, कोटाची बटणं एक घर चुकलेली.
आर्विडचे फोटो हवे होते.
कंपनी म्हणाली, तुम्ही तुम्हीच आहात हे दाखवा;
कोड पाठवलाय, ज्या नंबरच्या शेवटी एकोणचाळीस आहेत त्यावर.
एकोणचाळीस आर्विडचे.
आर्विडला जाऊन दोन वर्षं झाली,
आणि महिन्याचे अठरा डॉलर वाचवायला
तिनंच तो नंबर बंद केलेला.

मी मदत केंद्र उघडलं.
मदत केंद्रात माणूस नव्हता,
गोड नावाचं काहीतरी होतं, जे दर वेळी दिलगीर व्हायचं.
शेवटी त्यानं विचारलं, आमची मदत कशी वाटली?
लेम्पीनं पाचातले तीन तारे दिले.
बिचाऱ्याची नोकरी जायला नको, म्हणाली.

मग पर्समधून आपला साधा फोन काढला
आणि तो नंबर लावला. पाठच होता.
मी अडवायला हवं होतं.
भिंतीवर कागद मीच चिकटवलाय:
कोड कुणालाही सांगू नका, कुणाकडेही मागू नका.

चौथ्या रिंगला कुणीतरी उचलला.
लिबान. फार्गोहून. रात्रीचा ट्रक चालवतो,
आवाजात अर्धी झोप.
अच्छा, हे आकडे तुमचे होय, आजी?
वर्षभर येतायत, रात्री दोन-दोनला.
मला वाटलं, कुणीतरी मला लुटायला टपलंय.
लेम्पी ओशाळली.
झोप लागली नाही की करून बघते मी, म्हणाली.

चार, शून्य, नऊ...
सावकाश, बाळा.
...नऊ, दोन, सात.

खातं उघडलं.
पहिला फोटो आर्विडच्या अंगठ्याचा.
मग बंदरातला बर्फ. पुन्हा बर्फ.
लोखंड भरलेलं जहाज, तिरपं आलेलं.
दुकानातला एक पाना, किमतीसकट.
आणि ती स्वतः, पाठमोरी, चादरी वाळत घालताना,
एकदाही न सांगता काढलेली,
अकरा वेळा.
ती बराच वेळ काहीच बोलली नाही.
मी बॉयलर ऐकत राहिलो.

फोन अजून चालूच होता.
तुझा पत्ता दे, राईचा ब्रेड पाठवते, ती म्हणाली.
तिकडे जरा शांतता.
पत्ता नाही देत मी कुणाला, आजी. राग मानू नका.
बरोबर आहे, ती म्हणाली. मीही दिला नसता.

मग पडद्यावर प्रश्न आला:
हा नंबर अजून तुमचाच आहे का?
बदला, मी म्हटलं, आता तुमचा घाला, सोपं होईल.
तिनं चष्मा पुसला. दोन्ही बटणं वाचली.
आणि ‘हो’ दाबलं.

जाताना कोटाची बटणं सोडून पुन्हा लावली,
या वेळी बरोबर.
पुढच्या मंगळवारी येते, म्हणाली.
तोवर तो उठलेला असेल.